अक्का, पलंग अजून माझाच आहे

अक्का,

सकाळपासून जो येतो तो ओसरीवर टेकतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, "अक्का शांत झाल्या." मी मान डोलावतो. मनात म्हणतो, यांनी अक्काला ओळखलंच नाही. तू आणि शांत! काल तुला माती दिली. आतापर्यंत तू स्वर्गाच्या वेशीत उभी राहून तिथल्या रखवालदाराला विचारलंही असशील की, बाबा, रस्त्याला सोनं कशाला लावलं, मुरूम चालला नसता का?

पाळकांनी मातीच्या वेळी तुझा जन्म सांगितला, बाप्तिस्मा सांगितला, जालन्याच्या मिशन दवाखान्यात किती वर्षं राबलीस तेही सांगितलं. सगळं बरोबर होतं, पण त्यात तू कुठेच नव्हतीस. पलंगाचं तर त्यांनी नावही काढलं नाही. देवाच्या माणसाने अशा वेळी पलंगाचा विषय काढू नये हे मलाही कळतं. पण पलंग सोडून तुझी आठवण काढायची म्हणजे बिनमिठाची आमटी. म्हणून लिहायला बसलो.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि तू परकरातली पोर. तूच मला वाढवलंस. लग्न होऊन गेलीस, विधवा होऊन परत आलीस, दवाखान्यात दाईचं काम शिकलीस आणि घनसावंगीच्या अलीकडच्या या आमच्या ख्रिस्ती वाडीत प्रार्थनामंदिराला लागून एका खोलीत राहिलीस. मी इथल्या शाळेचा मास्तर झालो. लोक मला 'मास्तर' म्हणायचे, तू मात्र चारचौघांत 'अरे योहान, नाक पूस' म्हणायचीस. मला दोन मुलं झाल्यावरसुद्धा.

तुझ्या हिशेबी लोभ हे पाप कमी आणि खरजेसारखा आजार जास्त होता. लागट. कुणालाही होणारा, म्हणून त्याची लाज नाही, पण औषध मात्र घ्यायचं. औषधही तुझ्याकडे एकच होतं. ज्या वस्तूपायी झोप उडते ती आठ दिवस शेजारी देऊन यायची. मी जालन्याहून छत्री आणली आणि पाऊस नसताना ती उघडून वाडीतून दोन चकरा मारल्या. तू तेवढंच बघितलंस. दुसऱ्या दिवशी छत्री शेजारी गेली. आठ दिवसांनी आली, पण तिच्या काड्या काही आल्या नाहीत.

"आता सांग, ऱ्हायला का तिचा मोह?" तू विचारलंस.

"मोडक्या छत्रीचा मोह कसा राहील?"

"मंग? औषधाला गुन आला ना!"

असं तुझं. वाद घालायला जावं तर श्रीमंत स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, हा येशूचा दाखला काढायचीस. मी एकदा म्हणालो, अक्का, आपल्या वाडीत श्रीमंत कोणी नाही आणि उंट तर मुळीच नाही, मग ही गोष्ट आपल्याला कशाला? तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "मान तर बराबर तशीच हाये तुझी."

आता पलंग.

आपल्या वाडीचा कापणीचा सण बाहेरच्या कुणाला सांगितला तर खरा वाटत नाही. ज्याच्या शेतात जे पिकलं त्याचा पहिला वाटा घेऊन मंदिरात यायचं. भोपळे, कणसं, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना चालू असताना कोंबड्याही आपापल्या परीने गायच्या. मग बाहेर लिंबाखाली लिलाव. रोकडा कुणाकडे नसायचा, म्हणून बोली ज्वारीत लागायची आणि ती ज्वारी मंडळीतल्या विधवांना आणि आजाऱ्यांना जायची. लिलाव पुकारायचं काम तुझ्याकडे होतं, कारण तुझा आवाज गोदावरीच्या पलीकडे पोचतो असं लोक म्हणायचे. "एक वार! दोन वार!" तू ओरडलीस की घेणाऱ्यापेक्षा कोंबडीच जास्त घाबरायची.

त्या साली जालन्याच्या मिशनचे साहेब आणि मडमबाई कायमचे आपल्या देशी निघाले. मडमबाईंनी जाताना त्यांचा झोपायचा पलंग आपल्या मंडळीला दिला. सणात लिलाव करा आणि गरिबांना वाटा, म्हणाल्या. भल्या मनाने दिला बिचारीने. लोखंडी पलंग, चारी खांबांवर पितळेचे गोळे, खाली स्प्रिंगांची जाळी, वर कापसाची जाड गादी. बाजेवर जन्मून बाजेवरच मरणारी आम्ही माणसं. पलंग लिंबाखाली ठेवला तेव्हा भोपळ्याकडे कुणी बघायला तयार नव्हतं.

मला तो हवा होता, अक्का. आजही सांगतो, त्यात मला काही चूक वाटत नाही. शाळेचा मास्तर, चार पुस्तकं वाचलेला माणूस, त्याने पलंगावर झोपू नये तर काय शिमोनदादाने झोपावं? शिमोनदादा मंडळीचे वडील, म्हणजे मंदिराचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, घरी बैलजोडी, बोलणं कमी आणि मिशा जास्त. त्यांनाही नेमका तोच पलंग हवा होता. एवढा मोठा माणूस, दर कापणीला फार तर एक कोहळा घेऊन जाणारा, त्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन उभा राहिला.

बोली पायलीने सुरू झाली आणि बघता बघता पोत्यावर गेली. बाकीचे एकेक गळाले. मी आणि शिमोनदादा राहिलो. माझी सालभराची ज्वारी, लेकरांच्या तोंडची, ती मी बोलून बसलो तेव्हा तुझा आवाज पहिल्यांदा चिरकला. 'एक वार' म्हणायच्या ऐवजी तू पदर डोक्यावर घेतलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "आपन प्रार्थना करू."

आता प्रार्थनेला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपल्यात रीत अशी की आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि बोलायचं नाही. ती तू पुरी कामाला लावलीस.

"हे दयाळू बापा," तू सुरू केलंस, "शिमोनदादाची कंबर दुखून राह्यली, ते तुला ठाऊक हाये. त्याच कंबरेनं त्यांनी परवा कडब्याची गाडी एकट्यानं भरली, ते बी तुला ठाऊक हाये. बापा, ह्या पलंगानं कंबर बरी व्हत असंल तर त्यांना तो मिळू दे, आन् मिशीच बरी व्हनार असंल तर नको मिळू देऊ. आन् माझा भाऊ योहान. त्याला वाटून राह्यलं, पलंगावर निजलं की मानूस साहेब व्हतो. बापा, त्याची लेकरं माघात काय खातील, ते त्याला न्हाई दिसत, तुला दिसतं. त्याला थोडं दाखव..."

पोरं फिदीफिदी हसत होती. मग तू वाडीतल्या एकेका घरासाठी प्रार्थना केलीस. मग गुरांसाठी. मग ज्यांची गुरं मेली होती त्यांच्यासाठी. उन्हाने माझ्या टाळूची भाकर झाली. तुझा डाव मला कळला होता: आमची हाव उतरेपर्यंत आमेन म्हणायचंच नाही. तू निजामासाठी प्रार्थना करून त्याच्या खजिन्याकडे वळलीस आणि श्वास घ्यायला थांबलीस. तेवढ्यात मी मोठ्याने म्हणालो, "आमेन!"

सवयीने सगळी मंडळी ओरडली, "आमेन!"

मंडळीचा आमेन पडला की प्रार्थना संपली. तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे जे बघितलंस, ते आठवलं की अजून मानेला घाम येतो. शिमोनदादा पुढची बोली बोलणार, तोच त्यांच्या बायकोने, तबीथावहिनींनी, मागून त्यांचं धोतर असं ओढलं की त्यांना बोलीपेक्षा धोतराची काळजी पडली. पलंग माझा झाला. "तीन वार," तू म्हणालीस. आणि हळूच, मला तेवढं ऐकू जाईल असं, "घे. आता ह्याला मीठ लावून खा."

पलंग घरात घ्यायचा म्हणून ज्वारीची कणगी बाहेर काढावी लागली. तिचं काही अडलं नाही, ती रिकामीच होणार होती. माझी शांता चिंच आणि राख घेऊन पितळेच्या गोळ्यांच्या मागे लागली. वाडी बघायला येत होती. शिमोनदादा तेवढे आले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं माझं बोलणं मंदिराच्या दारातल्या सलामापुरतं राहिलं.

संध्याकाळी मी हातपाय धुतले, गादीवर चादर घातली आणि पलंगावर पाय ठेवणार, एवढ्यात दारात तू.

"योहान, धनगरवाड्यात आबाजीची सून अडली. कालच्या अवकाळी पावसानं झोपडीत चिखल झालाय, तिला निजवायला कोरडी जागा न्हाई. पलंग दे. जल्दी."

"अक्का, आजच आणलाय! अजून मी पाठसुद्धा टेकली नाही!"

"मंग बरंच झालं. सवय न्हाई लागली."

"पलंग माझा आहे!"

"कोन न्हाई म्हनतं? तुझाच हाये. फक्त त्याच्यावर तू निजायचं न्हाई."

तुझ्याशी भांडायला मला आयुष्यभर एकच अडचण आली. तू नेहमी कुणाच्या तरी जिवाची गोष्ट घेऊन यायचीस. त्या बाईच्या जिवासमोर पलंग पलंग करत बसणं मलाही जमेना. शेजाऱ्याची गाडी मागून जुंपली, शिव्या मनात दिल्या आणि पलंग पोचवला.

बाईही वाचली, लेकरूही वाचलं. बाराव्या दिवशी म्हातारा आबाजी पलंग परत घेऊन आला. चारी पितळी गोळ्यांना हळदकुंकू लावलेलं आणि गादीवर एक नवीकोरी घोंगडी, माझ्यासाठी. मंडळीत कुजबुज झाली की मास्तरचा पलंग बाटला. शांता राख घेऊन उठली. तू तिचा हात धरलास. "ऱ्हाऊ दे दोन दिस. लेकरू जगलंय त्याच्यावर. म्हाताऱ्यानं त्याच्या परीनं देवाचे उपकार मानले, आपन आपल्या परीनं मानू." घोंगडी मात्र तू लगेच बघून ठेवलीस. ती गेली एका म्हातारीकडे.

तिथून पुढे पलंगाने मागे वळून बघितलं नाही. बाळंतीण, हिवतापवाला, झाडावरून पडलेला, सगळ्यांना पलंग. दोन आजाऱ्यांच्या मधे तो घरी यायचा, सासुरवाशीण माहेरी येते तसा, आणि पुन्हा जायचा. आमची धाकटी त्याच्यावरच झाली. तेव्हा तो चांगला महिनाभर घरात होता, पण वर शांता आणि बाळ, खाली मी. वाडीतल्या सगळ्यांनी पलंग अंगाखाली घेतला, अक्का, मालकाला सोडून. शिमोनदादांनी मात्र कधी मागितला नाही. एकदा तापाने फणफणले होते, तरी नाही. मानी माणूस. मरीन पण मास्तरच्या पलंगावर मरणार नाही, असं म्हणाले म्हणे.

त्या पहिल्या साली आम्ही काय खाल्लं, ते पाळकांना ठाऊक नाही. माघ लागला आणि तू दर दोन दिवसांनी पदराखाली ज्वारी घेऊन यायला लागलीस. तू टोमणा मारशील म्हणून मी वाट बघायचो. तू एकदाही मारला नाहीस. जात्यावर बसायचीस, शांतासोबत दळायचीस, गाणं म्हणायचीस आणि जायचीस. तुझी स्वतःची चूल त्या महिन्यांत एका वेळेलाच पेटायची, हे मला फार उशिरा कळलं. अक्का, माझी लेकरं तुझ्या भाकरीवर जगली. हे तुझ्या तोंडावर बोलायला गेलो असतो तर तू 'नाक पूस' म्हणाली असतीस. आता ऐकून घे.

पण एका गोष्टीवरून मी तुझ्याशी भांडतच राहणार. तू आमच्याकडून कधी काही घेतलं नाहीस. एका नाताळाला मी जालन्याच्या बाजारातून तुझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं, चांगलं काठापदराचं. सकाळी तुला दिलं आणि संध्याकाळच्या उपासनेला ते तबीथावहिनींच्या अंगावर! माझ्या वैऱ्याच्या घरी! मी तुला मंदिराच्या मागे गाठलं.

"अक्का, देण्याचासुद्धा लोभ असतो. तो तुला झालाय. दिसलं की दे, दिसलं की दे. आम्ही दिलेलं अंगाला लागू देत नाहीस. आम्हाला देता येऊ नये, सगळं देणं तुझ्या एकटीच्या नावावर लागावं, हा लोभ नाही तर काय?"

तू पदर सावरलास आणि सरळ आपल्या खोलीकडे निघालीस. मी आयुष्यात पहिल्यांदा वाद जिंकलो होतो. पण तू आठ दिवस माझ्याकडे आली नाहीस, तेव्हा जिंकण्यात काही राम नाही हेही कळलं. पुढे तू तो विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही.

मागच्या आठवड्यात तू पडलीस. ताप उतरेना. जालन्याला नेतो म्हटलं तर तू म्हणालीस, गाडीच्या हिसक्यानं आजच मरीन, इथं चार दिस तरी काढू दे. पलंग नेमका घरी होता. खरं सांगायचं तर त्या रात्री मी त्यावर झोपायच्या बेतात होतो. तो उचलून तुझ्या खोलीत आणला तेव्हा तू सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस.

"न्या त्यो परत," तू म्हणालीस. "कुनाला लागंल."

"तुलाच लागतोय, अक्का."

"मला न्हाई लागत. मी बरी हाये खाली."

मग मला राग आला. रडूही आलं असेल. म्हणालो, "एकदा तरी माझ्या हातचं घे. तू घेतलं नाहीस तर मी काय करू या पलंगाचं? आयुष्यभर तू मला सोडायला शिकवलंस. तुला घ्यायला कुणी शिकवायचं?"

तू भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलंस. मग म्हणालीस, "बरं. उचला मला."

शांताने आणि मी तुला उचलून वर ठेवलं. किती हलकी झाली होतीस! तू गादीवर हात फिरवलास. एकदा अंग दाबून बघितलंस. स्प्रिंगांनी तुला जरा वर फेकलं.

"अगं बया!" तू म्हणालीस. "योहान, हे असं असतं व्हय रे? मंग तव्हाच का न्हाई सांगितलंस?"

"तव्हाच सांगत होतो! सगळ्या वाडीसमोर सांगत होतो! तू डोळे मिटून निजामासाठी प्रार्थना करत होतीस!"

तू खोकला येईपर्यंत हसलीस. पितळेच्या गोळ्यात तोंड बघून केस सारखे केलेस. मग शांताला म्हणालीस, चहा कर, साखर जास्ती घाल. साखरेवर सरकारचं कंट्रोल, घरात चिमूटभर उरलेली, तीही मुलांसाठी ठेवलेली. शांताने सगळी घातली. तू बशी तोंडाला लावलीस आणि म्हणालीस, "आनखीन हाये का?" तुझ्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला, अक्का, की मी बाहेर जाऊन लिंबाखाली उगाच उभा राहिलो.

तिथेच मला शिमोनदादा येताना दिसले. तबीथावहिनी विहिरीवर घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड गेलं होतं. बाजेवरून उचलायला गेलं की जीव जात होता त्यांचा. दादा तुझ्या दारात येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांचा ताठा बाजूला ठेवून आलेला माणूस, तोंड उघडेना. मिशी नुसती थरथरत होती. तूच विचारलंस आणि सगळं काढून घेतलंस. मला वाटलं, आता ही उतरणार खाली. मी पुढे झालोच होतो.

तू पलंगाच्या कडेला हात ठेवलास, घट्ट, आणि म्हणालीस, "दादा, उद्या न्या. आज मी हाये इथं."

जन्मभर ज्या बाईने कुणाला 'नंतर' म्हटलं नाही, ती म्हणाली उद्या! शिमोनदादाही बघत राहिले. मग काय झालं कोण जाणे, ते हसले. "निजा, अक्का," म्हणाले, "निजा निवांत."

पहाटे तू गेलीस. माझ्या पलंगावर, माझ्या गादीवर, माझ्या घरची साखर पोटात घेऊन. मी खूप रडलो. आई गेली तेव्हा मला कळत नव्हतं, ते रडणंही बहुतेक कालच रडून घेतलं.

उजाडल्यावर वाडी जमली. तुला आंघोळ घालायला खाली घेतलं. शिमोनदादा एका कोपऱ्यात उभे होते. पलंगाकडे बघत नव्हते आणि तो विषयही काढत नव्हते. मी उठलो, गादी गुंडाळली आणि म्हणालो, "दादा, तिकडून धरा."

"आरं, आधी माती तर व्हऊ दे," लोक म्हणाले. "घाई काय हाये?"

"अक्का 'उद्या' म्हणाली होती," मी म्हणालो. "उद्या म्हणजे आज."

ते डोक्याकडून, मी पायाकडून, असा पलंग उचलून आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत दादांचा पाय थांबला. त्यांच्या मिशीवरून पाणी गळत होतं, माझंही तेच चाललं होतं. एका हाताने डोळे पुसावेत तर पलंग पडेल, म्हणून दोघांनीही तसंच वाहू दिलं. अक्का, मधे पलंग होता म्हणून बरं. नाहीतर भर वाडीत आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो असतो.